शिवथरघळ : एका पोकळीची आणि एका शब्दाची घडण

‘रामदासांनी शिवथरच्या लेण्यात बसून दासबोध लिहिला’, अशा अर्थाचे वाक्य विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत पुष्कळदा आढळते. त्यातील ‘लिहिला’ हे क्रियापद एक वेळ चालवून घेता येईल. समर्थांनी सांगितले आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतले, ही परंपरा सर्वांच्या परिचयाची आहे. ‘लेणे’ हा शब्द मात्र चालवून घेता येत नाही. शिवथरला लेणे नाही, घळ आहे. लेणे माणूस कोरतो. घळ पाणी घडवते. हा भेद विसरला की समोरची जागा निर्माण कशी झाली आणि पुढे तिचे काय होणार, हे प्रश्नच आपल्या मनात उद्भवत नाहीत. म्हणून प्रस्तुत पाठात आपण ही घळ थोड्या तपशिलाने पाहणार आहोत आणि तिच्याकडे जाण्याची वाट परभणी जिल्ह्यातील एखाद्या विहिरीतून काढणार आहोत.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘लेणे’ हा शब्द संस्कृत ‘लयन’ या शब्दापासून प्राकृत ‘लेण’ या रूपाने आपल्याकडे आला. नाशिक येथील सातवाहनकालीन शिलालेखांत ‘लेण’ हाच शब्द आहे आणि त्याचा अर्थ डोंगरात खोदवून घेतलेले निवासस्थान असा आहे. (अंगावर घालायचे ‘लेणे’ हा वेगळा शब्द. दोन्हींचे रूप एक झाल्यामुळे ‘डोंगराचे लेणे’ अशी सुंदर कल्पना सुचते. व्युत्पत्तीला मात्र तिचा आधार नाही.) ‘गुहा’ या शब्दाच्या मुळाशी ‘गुह्’ म्हणजे लपवणे हा धातू आहे, ती कोणी केली याविषयी हा शब्द काहीच सांगत नाही. ‘भुयार’ म्हटले की जमिनीखालचा मार्ग किंवा तळघर डोळ्यांसमोर येते. ‘विवर’ हा शब्द लोणारमुळे आता बहुतेकांच्या मनात उल्काघाताशी जोडला गेला आहे. मराठवाड्यातील जुन्या पिढीला आणखी दोन पोकळ्या ठाऊक आहेत : धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेले ‘पेव’ आणि घरातच बांधून काढलेले ‘बळद’.

‘घळ’ या शब्दाचे स्थान या सर्वांहून निराळे आहे. डोंगरातून वाहणाऱ्या पाण्याने झिजून झालेली खोलगट, अरुंद जागा, हा त्याचा मूळ व्यवहारातील अर्थ. भूगोलाच्या शालेय पुस्तकातील ‘घळई’ हा त्याच कुळातील शब्द होय. ‘घळघळ’ वाहण्याशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो. परंतु ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, हे भाषेच्या विद्यार्थ्याने विसरू नये. समर्थ संप्रदायात ‘घळ’ हा शब्द अशा जागेतील आश्रयस्थानासाठी रूढ झाला. कोयना खोऱ्यात हेळवाकजवळ रामघळ आहे, ती याच वर्गातील.

आता विहिरीकडे वळू. आपल्यापैकी अनेकांनी विहीर खोदताना पाहिली असेल. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कठीण काळा पाषाण. काही हात खाली गेल्यावर पहार एकदम सोपी जाते आणि सच्छिद्र, ठिसूळ खडक लागतो. विहिरी खोदणारे त्याला ‘मांजऱ्या’ म्हणतात. त्याच्या छिद्रांत पांढऱ्या गारगोट्या किंवा स्फटिक भरलेले असतात. कधी कधी गेरूसारखा तांबडा, मऊ थर लागतो आणि त्याच्या जवळपास भिंतीतून पाणी झिरपू लागते. त्याखाली पुन्हा काळा पाषाण.

हा क्रम योगायोगाने आलेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला भेगा पडून लाव्हारस वारंवार बाहेर आला आणि थरांवर थर साचत गेले. आज दख्खनचा हा बेसाल्ट खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. प्रत्येक थर निवताना त्यातील वायूचे बुडबुडे वर चढले आणि माथ्याशी अडकले. म्हणून थराचा वरचा भाग सच्छिद्र झाला आणि मधला घट्ट राहिला. दोन उद्रेकांच्या दरम्यान पुष्कळ काळ गेला तर जुन्या थराचा माथा ऊन-पावसाने कुजून तांबडा होई. पुढचा लाव्हा त्यावरच पसरे. विहिरीत दिसणारा तांबडा पट्टा म्हणजे अशा मधल्या विसाव्याची खूण. पाणीही तेथेच का सापडते? वरच्या घट्ट खडकाच्या उभ्या भेगांतून उतरलेले पाणी चिकणमातीसारख्या तांबड्या थरावर अडते आणि आडवी वाट शोधते.

परभणी जिल्ह्यात हे सर्व जमिनीच्या पोटात आहे. जिंतूरकडच्या टेकड्या वगळल्या तर गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठचा हा प्रदेश बहुतांशी सपाट. पाण्याला कोसळायला उंची नाही, म्हणून थर उघडे पडत नाहीत. सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावर हेच थर हजार मीटरहून अधिक जाडीचे आहेत आणि एका बाजूने जणू चिरून ठेवल्यासारखे उभे दिसतात. परभणीची विहीर उलटी करून उभी केली की कोकणचा कडा होतो, असे मी वर्गात सांगत असे. भूशास्त्रज्ञ या उपमेला हसतील. पण कल्पना येण्यापुरती ती उपयोगी पडते.

कड्यावरून ओढा कोसळतो तेव्हा घट्ट थर तग धरतो. त्याच्याखालचा मऊ थर मात्र तुषारांनी आणि आतून झिरपणाऱ्या पाण्याने सतत ओला राहतो. पावसाळ्यात भिजणे, उन्हाळ्यात वाळणे, फुगणे आणि आकसणे. या चक्रात तो भुगा होऊन गळत जातो. खालचा आधार गेला की वरच्या खडकाच्या खालच्या बाजूचे तुकडे भेगांच्या रेषेत सुटून पडतात. पोकळी आत सरकते, छत म्हणून घट्ट थर राहतो आणि पाणी तिच्या पुढ्यात पडत राहते. धबधब्याच्या मागे किंवा बाजूला असणाऱ्या अशा पोकळ्या रुंद, बसक्या आणि फारशा खोल नसलेल्या का असतात, याचे उत्तर या घडणीत आहे. झीज थराच्या रेषेत आडवी पसरते आणि पाण्यापासून आत जावे तशी मंदावते. खडक कोट्यवधी वर्षांचा असला तरी त्यातील घळ पुष्कळच तरुण असते, हेही ध्यानात ठेवावे.

इतर नैसर्गिक गुहांशी तुलना केली की वेगळेपण स्पष्ट होते. आंध्र प्रदेशातील बेलमची गुहा चुनखडीत आहे. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्लधर्मी होते आणि चुनखडी विरघळवते. तेथील मार्ग तीन किलोमीटरांहून लांब आहेत आणि छतातून चुन्याचे लोंबते स्तंभ तयार होतात. बेसाल्ट असा विरघळत नाही, म्हणून घळीत लांब दालने नाहीत आणि लोंबते स्तंभही नाहीत. हवाई बेटांवर किंवा दक्षिण कोरियातील जेजू बेटावर आणखी एक प्रकार आढळतो : वाहत्या लाव्ह्याची वरची साय घट्ट होते, आतला रस पुढे निघून जातो आणि नळी उरते. ती पोकळी खडकाबरोबरच जन्मते. घळ मात्र खडक जुना झाल्यावर, त्याच्या दुबळ्या जागी जन्म घेते.

शिवथरघळ रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यात, वरंधा घाटाच्या परिसरात आहे. संप्रदायात तिला सुंदरमठ म्हणतात. परंपरेनुसार दासबोधाच्या लेखनाला शके १५७६ मध्ये, म्हणजे इ. स. १६५४ मध्ये येथे प्रारंभ झाला. तेव्हा हा मुलूख जावळीच्या मोऱ्यांच्या अंमलाखाली होता. शिवाजीमहाराजांनी जावळी घेतली ती १६५६ मध्ये. पुढे या जागेचा विसर पडला. धुळ्याचे समर्थवाङ्मयाचे अभ्यासक शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ती शोधून काढली. डोंगरमाथ्यावरून कोसळणाऱ्या धारेचे आणि घळीचे वर्णन करणारी समर्थांची एक स्फुट रचना आहे. ती रचना प्रत्यक्ष घळीत उभे राहून वाचावी. त्यातील नादमय शब्द अलंकारासाठी योजलेले नाहीत, हे पावसाळ्यात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येईनासे झाले की कळते.

पायऱ्या चढून गेल्यावर घळीचे तोंड येते. आत समर्थ आणि कल्याणस्वामी यांच्या मूर्ती आहेत. बहुतेक यात्रेकरू दर्शन घेऊन परततात. आपण थोडे थांबावे आणि छताकडे पाहावे. तेथे छिन्नीचे घाव नाहीत. खडक सुटून पडल्याच्या तुटक कडा आहेत. अजिंठ्याच्या छतावर नजर फिरवून आलेल्या माणसाला हा फरक लगेच जाणवतो. एकदा सहलीत आलेल्या एका प्रौढ विद्यार्थ्याने, व्यवसायाने तो विहिरी बांधणारा, भिंतीवर हात फिरवून म्हटले, “सर, इथं मांजऱ्या गळून गेलाय.” कितीतरी पुस्तके वाचूनही मला इतके नेमके वाक्य करता आले नसते.

एक गोष्ट गांभीर्याने सांगणे आवश्यक आहे. घळ घडवणारी क्रिया संपलेली नाही. पाणी खडकाचा आधार काढून घेतच आहे, आणि तेच पाणी डोंगरउतारावरील कुजलेल्या खडक-मातीत मुरले की दरड कोसळते. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत याच महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे दगावली. उताराची दरड आणि धबधब्यामागची घळ या एकच नव्हेत. पण दोन्हींत काम करणारे पाणी तेच. भर पावसाळ्यात घळीचे रूप सर्वांत देखणे असते आणि घाटरस्ताही तेव्हाच सर्वांत धोक्याचा असतो. अभ्याससहल आखणाऱ्यांनी पावसाळा ओसरल्यानंतरचे दिवस निवडावेत. धबधबा तेव्हा बारीक होतो, परंतु थर अधिक स्पष्ट दिसतात. ज्यांना कोकणापर्यंत जाणे शक्य नाही त्यांनी शेजारच्या बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातील सौताड्याचा धबधबा आणि दरीतील रामेश्वराचे मंदिर पाहावे. बालाघाटाच्या कडेला तेथे हेच थर उघडे पडले आहेत.

स्वाध्याय : आपल्या गावातील विहिरी खोदणाऱ्या किंवा बांधणाऱ्या एखाद्या अनुभवी व्यक्तीला भेटा. विहिरीतील थरांना वरून खालपर्यंत ते कोणकोणती नावे देतात, ती क्रमाने लिहून घ्या. उच्चार जसा ऐकला तसाच नोंदवा, प्रमाणभाषेत बदलू नका. नंतर गावाच्या शिवारातील प्रत्येक पोकळीसाठी, मग ती ओढ्याची कपार असो वा बुजलेले पेव, वापरात असलेला शब्द नोंदवा आणि त्यापुढे ती माणसाने केली की पाण्याने, हे लिहा.