एकल बाप आणि कार्यकर्ता : वेळेची सीमा आखणे म्हणजे चळवळीशी गद्दारी नव्हे

एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये जयंतीच्या बैठका सुरू होतात. रात्री साडेआठची बैठक साडेनऊला सुरू होते आणि साडेअकराच्या आत क्वचितच संपते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत माझी सात वर्षांची मुलगी विहारातल्या सतरंजीवर झोपी गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची चाचणी परीक्षा होती. इकडे वर्गणीचा हिशेब झाला, मिरवणुकीचा मार्ग ठरला आणि मग डीजे लावायचा की नाही यावर वाद रंगला. मी उठलो आणि म्हणालो, "मला आता निघावं लागेल." एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "भाऊ, पोरीला आजीकडे ठेवत जा. समाजाचं काम असं अर्धवट होत नसतं."

ते आपुलकीने बोलले होते, म्हणूनच ते वाक्य जास्त लागले. मुलीची आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. झोपलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन घरी जाताना मला वाटत होते की आपण समाजाचेही पुरते नाही आणि घराचेही पुरते नाही. नंतर कामाच्या निमित्ताने वस्त्यांमध्ये फिरताना असेच वाटणारे आणखी बाप भेटले. कुणी विधुर, कुणी घटस्फोटित, कुणाची पत्नी दीर्घ आजारी. कुणी रिक्षा चालवतो, कुणी नगरपरिषदेत सफाई कामगार आहे, कुणी शिक्षक आहे. हा लेख त्यांच्यासाठी आहे आणि त्यांना बैठकीला बोलावणाऱ्यांसाठीही.

एकल बाप दिसत का नाही?

आपल्याकडे 'एकल पालक' म्हटले की डोळ्यासमोर बाई येते. ते स्वाभाविक आहे, कारण एकट्याने मुले वाढवणाऱ्यांत स्त्रियांची संख्या कितीतरी जास्त आहे आणि त्यांचे हालही जास्त आहेत. बाप एकटा पडला की समाज त्याला लगेच दोन उपाय सुचवतो. एक, दुसरे लग्न कर. दोन, मुले आईकडे किंवा बहिणीकडे ठेव. म्हणजे मुलांचे संगोपन हे पुरुषाचे काम असू शकते, हे आपण मनातून मान्यच केलेले नसते. समाजशास्त्रात ज्याला लिंगाधारित श्रमविभागणी म्हणतात, ती हीच. ती बाईला चुलीशी बांधते आणि बापाला मुलापासून तोडते.

रामजी सुभेदारांची चार मुले

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात १९०१ सालचा मसूर स्टेशनचा प्रसंग लिहिला आहे. तो आपल्याला पाठ आहे. मुले वडिलांना भेटायला निघतात, स्टेशनवर न्यायला कुणी येत नाही, जात कळल्यावर गाडीवान मिळत नाही, रात्रभर प्यायला पाणी मिळत नाही. त्या प्रसंगाचे मूळ अस्पृश्यता हेच आहे आणि त्याबद्दल दुमत असू शकत नाही. पण त्याच कथनाच्या सुरुवातीला एका घराचे चित्र आहे. त्याकडे आपण क्वचितच लक्ष देतो.

आई भीमाबाई वारलेली. वडील रामजी खटाव तालुक्यातील गोरेगावला तलावाच्या दुष्काळी कामावर रोखपाल. साताऱ्याच्या घरात भीमराव, त्यांचा मोठा भाऊ आणि वारलेल्या बहिणीची दोन मुले. त्यांच्यावर लक्ष ठेवायला आत्या होती. ती अतिशय मायाळू, पण पायांच्या दुखण्यामुळे तिला आधाराशिवाय हलताही येत नसे. मग ही चार मुले शाळा करून स्वतःच स्वयंपाक करत. भाकरी जमत नसे, म्हणून पुलावावर भागवत. आणि वडील का येत नव्हते? रोखपालाला ठिकाण सोडून येता येत नव्हते, म्हणून त्यांनीच मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत बोलावून घेतले होते. मुलांनी पाठवलेले पत्र नोकराच्या चुकीमुळे त्यांना मिळालेच नाही, म्हणून स्टेशनवर कुणी आले नाही.

आज मी हे वाचतो तेव्हा मला त्यात रजा न मिळणारा एक विधुर बाप दिसतो, आणि स्वतःलाच आधाराची गरज असताना त्या घराचा भार उचलणारी आत्याही दिसते. रामजींनी मुलांवर कमी प्रेम केले म्हणून हे घडले नाही. नोकरीची रचनाच अशी होती की कामगाराला घर आहे, हे तिच्या हिशेबात नव्हते.

कामाच्या तासांना मर्यादा हा आंबेडकरी विचार आहे

त्या घरातला मुलगा पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळू लागला. १९४२ ते १९४६ या काळात त्यांनी केलेल्या कामात कारखान्यांतील कामाच्या तासांचा प्रश्न महत्त्वाचा होता. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. त्याआधी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकालाही त्यांनी पाठिंबा दिला होता. कामगाराचे आयुष्य मालकाच्या घड्याळापलीकडेही असते, हा विचार त्यामागे होता.

"बाबासाहेबांनी समाजासाठी घराकडे पाहिले नाही, तुम्ही एवढेही करत नाही," असे आपल्याकडे कार्यकर्त्याला ऐकवले जाते. बाबासाहेब आणि रमाई यांनी आपली चार मुले गमावली. १९२६ मध्ये राजरत्न गेल्यावर त्यांनी मित्राला लिहिलेले पत्र वाचले की एका बापाचे कोसळलेपण कळते. त्या त्यागाबद्दल कृतज्ञ राहणे वेगळे आणि तोच त्याग दुसऱ्याच्या मुलाकडून वसूल करणे वेगळे. आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये, यासाठीच तर ते लढले.

धम्मातही याला आधार आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात बुद्धाने गृहस्थाला सहा दिशांची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यात आईवडिलांची पाच कर्तव्ये आहेत. मुलांना वाईटापासून आवरणे, चांगल्याकडे वळवणे आणि विद्या-कौशल्य शिकवणे ही त्यांतली तीन. ती वेळ दिल्याशिवाय पार पडत नाहीत. त्याच सुत्तात मालकाचीही पाच कर्तव्ये आहेत. ताकदीप्रमाणे काम द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी आणि योग्य वेळी सुट्टी द्यावी, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे योग्य वेळी सुट्टी मागणारा माणूस धम्माच्या बाहेरचे काही मागत नसतो.

सीमा म्हणजे नेमके काय?

सीमा म्हणजे भिंत नव्हे आणि भांडणही नव्हे. 'मी कधी उपलब्ध आहे, कधी नाही आणि नसेन तेव्हा काय करायचे' हे आधी सांगून ठेवणे म्हणजे सीमा. 'आधी' हा शब्द महत्त्वाचा आहे. बैठक रंगात आल्यावर उठून जाणे लोकांना अपमान वाटतो. तेच आठवडाभर आधी सांगितले तर लोक त्याप्रमाणे विषय पुढे-मागे घेतात. मला हे उशिरा कळले.

नोकरीत मी काय केले ते सांगतो. माझे काम कुटुंबांसोबतचे असल्याने रात्री दहालाही फोन यायचे. मी संस्थेला लेखी कळवले की संध्याकाळी साडेसहानंतर वस्तीभेट करणार नाही आणि सात ते नऊ फोन बंद राहील. तातडीचे काय, हेही लिहिले : मारहाण, मूल हरवणे, दवाखाना. यासाठी सहकाऱ्यांची पाळी ठरवली आणि त्यात माझीही पाळी ठेवली. माझ्या पाळीच्या दिवशी मुलीची सोय आधीच लावलेली असते. बाकी सगळे दुसऱ्या दिवशी सकाळी.

याची किंमत मोजावी लागली, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षी वरचे पद दुसऱ्या सहकाऱ्याला मिळाले. "तुम्हाला फिरता येणार नाही ना," एवढेच कारण सांगितले गेले. वाईट वाटले, आजही वाटते. पण स्त्रिया हे वाक्य किती वर्षे ऐकत आल्या आहेत, ते तेव्हा मला पहिल्यांदा अंगावर कळले.

चळवळीत मी एकच नियम केला. आठवड्यातून दोन संध्याकाळी समाजाच्या, आणि त्या दोन दिवशी मन लावून काम. अभ्यासवर्ग, अर्ज लिहून देणे, शिष्यवृत्तीची कागदपत्रे हे काम मी घेतले. मिरवणुकीचे नियोजन सोडून दिले. दोन वर्षांत माझ्याकडून झालेले काम आधीपेक्षा कमी नाही.

एक सीमा मुलासाठीही

एकट्या बापाकडून नकळत एक चूक होते. घरात बोलायला दुसरे मोठे माणूस नसते, म्हणून मूलच मित्र बनते. हप्ता थकला, साहेब बोलला, नातेवाईक असे वागले, हे सगळे त्याला सांगितले जाते. मूल ऐकते, शहाण्यासारखे वागते आणि आपण कौतुकाने म्हणतो, "फार समजूतदार आहे." खरे तर ते घाबरलेले असते. मोठ्यांचे ओझे मोठ्यांपाशीच राहू द्यावे. त्यासाठी एखादा मित्र, एखादी बहीण, गरज पडल्यास समुपदेशक असावा.

मुलगी वाढवणाऱ्या बापाने पाळीसारख्या विषयाची माहिती स्वतः करून घ्यावी आणि तिला वेळेआधी सांगावी. मावशी किंवा आत्या मदतीला असतेच, पण 'हे बायकांचे' म्हणून बापाने अंग काढून घेतले तर मुलगी ती लाज पुढे वागवत राहते.

हक्क आणि योजना

काही गोष्टी कायद्याने आणि शासनाने दिल्या आहेत. त्या माहीत नसल्यामुळे वाया जातात.

- केंद्र सरकारी नोकरीतील अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित एकल पित्याला डिसेंबर २०१८ च्या दुरुस्तीनंतर बालसंगोपन रजा मिळते. संपूर्ण सेवेत ७३० दिवस, मूल १८ वर्षांचे होईपर्यंत. पहिले ३६५ दिवस पूर्ण वेतन, पुढचे ३६५ दिवस ८० टक्के.
- महाराष्ट्र शासनाच्या सेवेत पत्नी हयात नसलेल्या पुरुष कर्मचाऱ्यालाही १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. आस्थापना शाखेकडे लेखी अर्ज करा.
- 'क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजने'त एक पालक गमावलेल्या मुलालाही लाभ मिळू शकतो. २०२३ पासून ही रक्कम दरमहा २,२५० रुपये आहे. आई गेली असेल तरीही अर्ज करता येतो, हे अनेक बापांना ठाऊक नसते. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात चौकशी करा. मंजुरी बालकल्याण समितीकडून होते. मृत्यू दाखला, आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा.

खाजगी नोकरीत मात्र एकल पित्यासाठी अशी रजा देणारा कायदा नाही. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले, पण दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा कायद्याने आईलाच दिली. आपल्या कामगार संघटनांनी ही मागणी उचलायला हवी.

आपली सीमा कुणाच्या पाठीवर उभी आहे?

आता सगळ्यात अवघड गोष्ट. 'मी सगळे सांभाळतो' असे म्हणणाऱ्या बहुतेक एकल बापांच्या घरात एक बाई राबत असते. आई, बहीण, वहिनी. मीही त्यातलाच होतो. मी सात ते नऊ फोन बंद ठेवू लागलो, पण माझ्या आईची सुट्टी कुठे होती? तिचे गुडघे दुखत होते आणि ती काही बोलत नव्हती. एक दिवस मुलगीच म्हणाली, "आजी दुपारी रडते."

तेव्हापासून रविवार आजीचा असतो. ती विहारात वंदनेला जाते, मैत्रिणींकडे जाते, नाहीतर नुसती पडून राहते. स्वयंपाक मी करतो. भाकरी अजून नीट जमत नाही, साताऱ्याच्या त्या मुलांसारखा पुलाव करतो. पुरुषाने नोकरीला आणि चळवळीला 'नाही' म्हणायचे आणि ते काम घरातल्या बाईकडे सरकवायचे, याला समतोल म्हणता येणार नाही. समता हे मूल्य आपण भाषणात सांगतो, त्याची परीक्षा आपल्या ओट्यावर होते.

संघटनांना विनंती

मी पगारी नोकरीत आहे, म्हणून लेखी कळवू शकलो. रोजंदारीवर रंगकाम करणारा बाप मुकादमाला काय कळवणार? त्याची सीमा त्याला एकट्याला आखता येत नाही. ती वस्तीने मिळून आखावी लागते. त्यासाठी पैसा फार लागत नाही.

बैठक ठरल्या वेळी सुरू करा आणि नऊच्या आत संपवा. अनेक विहारांत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत. त्याच जागेत संध्याकाळी सहा ते आठ लहान मुलांना बसू द्या आणि लक्ष ठेवायला तरुण-तरुणींच्या पाळ्या लावा. वस्तीत कुणाची पत्नी किंवा पती गेला तर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आपण नीट करतो. त्याच आठवड्यात दोन कार्यकर्त्यांनी जाऊन योजनेचा अर्जही भरून द्यावा. आणि एखादा कार्यकर्ता आठ वाजता उठून निघाला तर त्याला टोमणा मारण्याआधी त्याच्या घरी कोण वाट पाहते आहे, हे विचारा.

यंदा आमच्या वस्तीतली जयंतीची पहिली बैठक सात वाजता ठेवली होती. ती सव्वासातला सुरू झाली आणि पावणेनऊला संपली. सुरुवातीला उल्लेख केलेले ज्येष्ठ कार्यकर्तेच घड्याळ दाखवून म्हणाले, "चला, लेकरं वाट पाहत असतील." मुलगी त्या दिवशी जागी होती. घरी जाताना तिने मला सातचा पाढा म्हणून दाखवला.

जय भीम. नमो बुद्धाय.