रणांगणावर, पण शस्त्राविना

दिल्लीहून परतलेल्या पाहुण्याला ‘कमळमंदिर पाहिले का?’ असे विचारण्याची आपल्याकडे पद्धतच पडून गेली आहे. १९८६ साली उभी राहिलेली ती सत्तावीस पाकळ्यांची शुभ्र वास्तू पाहून मंडळी प्रसन्न होतात, आतल्या शांततेचे वर्णन करतात, आणि मग कोणीतरी सांगतो, “ते बहाई लोक मोठे शांततावादी! लढाईवर म्हणून जायचे नाहीत.” हे वाक्य मी निदान चार दिवाणखान्यांतून ऐकले आहे. ते अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यात जो पेच आहे, तो मात्र जाणून घेण्यासारखा आहे.

मुळात या पंथाचा जन्म शांततेत झालेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इराणात ‘बाब’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका तरुणाने नवा धर्मसंदेश सांगितला. त्याच्या अनुयायांवर राजसत्ता आणि मुल्लामंडळी दोघेही उठले, तेव्हा त्या अनुयायांनी तलवारी उपसल्या. माझंदरानातल्या शेख तबर्सीच्या दर्ग्याचा आसरा घेऊन काही शे माणसांनी १८४८-४९ मध्ये शाही फौजेला कित्येक महिने दाद दिली नाही. शेवटी कुराणाच्या शपथेवर अभय देऊन त्यांना बाहेर काढले आणि कापून काढले. १८५० साली तबरीझला खुद्द बाबांना गोळ्या घालण्यात आल्या. १८५२ मध्ये काही माथेफिरूंनी शहावर पिस्तूल झाडले, आणि मग जी कत्तल झाली तिचे वर्णन सणासुदीच्या अंकात न केलेले बरे.

या रक्तपातातून वाचलेल्या, तेहरानच्या अंधारकोठडीत साखळदंड भोगलेल्या एका उमरावपुत्राने पुढे धर्माची धुरा घेतली. ते बहाउल्ला. १८६३ साली बगदादजवळच्या एका बागेत त्यांनी आपण कोण हे निकटवर्तीयांना सांगितले आणि त्याच वेळी धर्मयुद्ध रद्द केल्याचे जाहीर केले. धर्मासाठी मारण्यापेक्षा मरणे बरे, अशी ही शिकवण. ज्यांच्या घरात कधी तलवार नव्हती अशा लोकांना हे सांगणे सोपे. ज्यांचे भाऊ-बाप तबर्सीला पडले त्यांना सांगणे ही गोष्ट निराळी. आणि त्या लोकांनी ती मानली, याचे मला अधिक नवल वाटते. (त्यांचा ‘किताब-इ-अक्दस’ हा नियमग्रंथ पहिल्यांदा छापला गेला तो आपल्या मुंबईत, हेही जाता जाता सांगून टाकतो. त्यातही कारणावाचून शस्त्र बाळगण्याला मनाई आहे.)

पण म्हणून हे लोक सर्वस्वी अहिंसावादी झाले असे समजू नये. हद्दपारीतून बहाउल्लांनी युरोपच्या राजेरजवाड्यांना पत्रे धाडली. व्हिक्टोरिया राणीला लिहिलेल्या पत्रात त्यांचे म्हणणे असे, की राजांनी आपसांत सलोखा करावा, सैन्य स्वसंरक्षणापुरते ठेवावे, आणि तरीही कोणी एकाने दुसऱ्यावर हत्यार उचलले तर बाकीच्या सर्वांनी मिळून त्याचा बंदोबस्त करावा. म्हणजे बळाचा वापर आहेच. फक्त तो एकट्याच्या हातून काढून सर्वांच्या हाती दिलेला आहे. त्यांचे पुत्र अब्दुल बहा यांनी हाच धागा पुढे नेला. माणसाने स्वतःच्या वैऱ्याला क्षमा करावी, पण समाजाने गुन्हेगाराला मोकळे सोडू नये. आपल्या दंडनीतीला हा विचार परका वाटणार नाही.

पहिल्या महायुद्धात अब्दुल बहा हैफा-अक्का परिसरात होते. तुर्की सेनापती जमाल पाशा त्यांना सुळावर चढवण्याच्या धमक्या देत होता. त्यांनी शेतांतून धान्य आणून साठवून ठेवले होते, ते उपासमारीच्या दिवसांत लोकांना वाटले. आणि २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा जिंकले ते कोणी? जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडेस्वारांनी, भाले घेऊन! दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले पुतळे पाहताना ध्यानात ठेवावे, की कमळमंदिराच्या धर्माचा तेव्हाचा प्रमुख ज्यांच्यामुळे सुटला, त्यांत हे भालेकरीही होते. १९२० साली इंग्रजांनी अब्दुल बहांना ‘सर’ केले, ते या शांतताकाळातल्या नव्हे, युद्धकाळातल्या कामाबद्दल.

आता खरा पेच. सरकारने सक्तीची लष्करभरती केली तर बहाई तरुणाने काय करावे? अब्दुल बहांचे नातू शोगी एफेंदी १९२१ ते १९५७ या काळात धर्माचे ‘रक्षक’ होते. त्यांनी घालून दिलेला दंडक असा: सरकारची आज्ञा मोडायची नाही, पळून जायचे नाही, पण कायदा मुभा देत असेल तर माणूस मारावा न लागणारे काम मागून घ्यायचे. रुग्णवाहिका, इस्पितळ, कचेरी, काहीही. कायद्यात अशी मुभा नसेल तर मात्र आज्ञा पाळायची. अमेरिकेत १९७३ पर्यंत सक्तीची भरती होती. तेथे सैन्यालाच नकार देणाऱ्यांचा एक वर्ग होता आणि सैन्यात जाऊन शस्त्र नाकारणाऱ्यांचा दुसरा. बहाई तरुण हा दुसरा वर्ग मागत.

यावर आक्षेप येतो तो उघड आहे. जखमी शिपायाला बरे करून पुन्हा आघाडीवर धाडणारा युद्धाला मदतच करतो की! युद्ध पाप असेल तर त्याची पट्टी बांधणेही पापच, असे कडवा युद्धविरोधक म्हणेल. मला हा तर्क बिनतोड वाटतो, पण पटत नाही. बोअर युद्धात गांधीजींनी डोल्या वाहणारे पथक उभारले, तेव्हाही हा प्रश्न होताच. आणि आपल्या सर्वांच्या ओळखीचा दाखला हवा असेल तर कुरुक्षेत्रावर ‘न धरी शस्त्र’ म्हणून घोड्यांचे लगाम धरणारा तो सारथी कोण होता? फरक एवढाच, की त्याने अर्जुनाला लढ म्हटले.

या दंडकाची धार मात्र जेथे शासन आपले असते तेथे कळत नाही, जेथे ते वैरी असते तेथे कळते. इराणात १९७९ च्या क्रांतीनंतर दोनशेच्या वर बहाईंना मृत्यूच्या दाराशी नेण्यात आले. त्यांच्या मुलांना विद्यापीठांचे दरवाजे बंद झाले. नोकऱ्या गेल्या, दफनभूमी उखडल्या गेल्या. मी रोज कॉलेजात ज्या वयाची मुले पाहतो, त्या वयाची ही मुले. पण सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा तेथील सर्व तरुणांना लागू आहे, आणि शासनाची आज्ञा पाळावी हा त्यांचा धर्मही कायमच आहे. ज्याला वर्गात बसू दिले जात नाही, त्याला गणवेश मात्र चढवावा लागतो.