विद्यापीठाचा निधीप्रमुख: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील खासगी विद्यापीठांत अध्यक्षांच्या हाताखाली जी मोजकी वरिष्ठ पदे असतात, त्यांतले एक देणग्यांचे काम पाहणाऱ्या उपाध्यक्षाचे असते. त्याच्या पदनामात ‘निधी’ किंवा ‘देणगी’ हे शब्द बहुधा नसतात. ‘डेव्हलपमेंट’ किंवा ‘अ‍ॅडव्हान्समेंट’ म्हणण्याचा तिथला प्रघात आहे. माजी विद्यार्थ्यांशी संपर्क, दरवर्षी येणाऱ्या लहान देणग्या, मोठ्या देणग्या, मृत्युपत्राने मिळणारी मालमत्ता, देणगीदारांची माहिती जमवणारा विभाग आणि पावत्या-नोंदी सांभाळणारे कार्यालय असा सगळा कारभार त्याच्याकडे असतो. आयआयटी मुंबईत याच स्वरूपाची जबाबदारी माजी विद्यार्थी व उद्योगसंबंधांच्या अधिष्ठात्याकडे असते. मात्र तो मुळात प्राध्यापक असतो. पद मोठे असले तरी विद्यापीठाच्या आवाराबाहेर त्याची नेमकी कल्पना फार थोड्यांना असते आणि जी असते तिच्यात गैरसमजच अधिक.

त्यांतला सर्वांत रुळलेला समज असा की, पैसे मागणे हेच या माणसाचे काम. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरावे, तसेच हे, फक्त दारे श्रीमंतांची. वस्तुस्थिती वेगळी आहे. मोठ्या देणगीच्या बाबतीत मागण्याचा क्षण अनेक महिन्यांच्या, कधी कधी काही वर्षांच्या कामाच्या शेवटी येतो आणि तोवर दोन्ही बाजूंना काय बोलायचे आहे ते पुरते ठाऊक झालेले असते. आधी कोण देऊ शकेल याचा शोध घेतला जातो, मग त्याला कशाची आस्था आहे हे पाहिले जाते, मग ती आस्था आणि विद्यापीठाची खरी गरज कुठे जुळते हे तपासले जाते. पुष्कळदा जुळत नाही आणि तेव्हा मागितले जात नाही.

या कामाचा कणा म्हणजे देणगीदाराची फाइल. तिच्यात त्याची तुकडी, शाखा आणि वसतिगृह असते, त्याने आजवर काय व कशासाठी दिले ते असते आणि प्रत्येक भेटीचे टिपण असते: बोलणे काय झाले, कोणत्या प्राध्यापकाची आठवण निघाली, कोणत्या विषयावर गप्पा रंगल्या, पुन्हा कधी भेटायचे ठरले. भेट झाली की थोड्याच दिवसांत हे टिपण लिहून ठेवावे लागते. कारण साधे आहे. अधिकारी बदलतात, देणगीदार तोच राहतो. दहा वर्षांपूर्वी त्याला दिलेला शब्द आज नव्याने आलेल्या माणसाला ठाऊक नसेल, तर संस्थेनेच तो मोडल्यासारखे होते. निधीप्रमुखाची योग्यता जमा रकमेपेक्षा या फाइलींच्या चोखपणावरून अधिक चांगली कळते.

मोठी देणगी एखाद्या दानशूराच्या लहरीतून अचानक येते, हा समजही यामुळेच टिकत नाही. मायकेल ब्लूमबर्ग १९६४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून पदवीधर झाले. त्यानंतर त्यांनी विद्यापीठाला दिलेली पहिली देणगी पाच डॉलरची होती. २०१८ मध्ये त्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीसाठी एक अब्ज ऐंशी कोटी डॉलर दिले. मधल्या पन्नासहून अधिक वर्षांत ते देत राहिले आणि विद्यापीठ त्यांच्याशी संबंध राखत राहिले. नंदन नीलेकणी यांनी आयआयटी मुंबईला २०२३ मध्ये ३१५ कोटी रुपये दिले, तेव्हा त्यांना संस्थेत प्रवेश घेऊन ५० वर्षे झाली होती आणि त्याआधी त्यांच्याकडून ८५ कोटी आलेले होते. पाच डॉलरच्या देणगीची पावती वेळेवर आणि नीट लिहिलेली जाणे किती मोलाचे असते, हे या व्यवसायातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

सगळा पैसा माजी विद्यार्थ्यांकडूनच येतो, असेही धरले जाते. अमेरिकेतील उच्चशिक्षण संस्थांना २०२२-२३ या वर्षात सुमारे ५८ अब्ज डॉलर देणग्या मिळाल्या. त्यांत सर्वांत मोठा, साधारण एक-तृतीयांश वाटा धर्मादाय प्रतिष्ठानांचा होता. माजी विद्यार्थ्यांचा वाटा साधारण एक-पंचमांश होता. अर्थात अनेक कौटुंबिक प्रतिष्ठानांमागे माजी विद्यार्थीच असतात, हेही खरे.

वर्तमानपत्रात आकडा छापून आला की तेवढी रक्कम विद्यापीठाच्या खात्यात पडली, असे वाचक समजतो. पण छापून आलेला आकडा बहुधा दिलेल्या शब्दाचा असतो. आयआयटी मुंबईच्या १९९८ च्या तुकडीने आपल्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात, २०२३ च्या डिसेंबरात, ५७ कोटी रुपये देण्याचे जाहीर केले. ते देण्याचे वचन होते. असे पैसे सहसा काही वर्षांत हप्त्याहप्त्याने येतात. हार्वर्डची २०१३ ते २०१८ मधली निधिमोहीम ९.६ अब्ज डॉलरवर संपली. एवढ्या मोठ्या मोहिमांच्या बेरजेत हाती आलेले पैसे, पुढे येणारे हप्ते आणि मृत्युपत्रांतून कधीतरी मिळावयाच्या रकमा असे सगळेच धरले जाते. कोणती वचने मोजायची आणि किती वर्षांपर्यंतची, याचे नियम आधीच लिहून ठेवावे लागतात आणि वचने वसूल होत आहेत ना याचा हिशेब निधीप्रमुखाला वर्षानुवर्षे द्यावा लागतो.

याहून खोल रुतलेला गैरसमज असा: इतका पैसा असताना ही विद्यापीठे आणखी मागतात कशाला? हार्वर्डचा कायमनिधी २०२४ च्या आर्थिक वर्षाअखेर सुमारे ५३ अब्ज डॉलर होता. ही एकच थैली नाही. ते १४ हजारांहून अधिक वेगवेगळ्या निधींचे गाठोडे आहे आणि त्यातली सुमारे ८० टक्के रक्कम विशिष्ट कामाला बांधलेली आहे. एका निधीचे उत्पन्न अमुक विषयाच्या अध्यासनाला, दुसऱ्याचे तमुक शिष्यवृत्तीला. ग्रंथालयासाठी दिलेल्या पैशातून वसतिगृहाचे गळके छप्पर दुरुस्त करता येत नाही, मग छप्पर कितीही गळो.

शिवाय कायमनिधीतली मूळ रक्कम खर्चायची नसते. ती गुंतवली जाते आणि दरवर्षी तिच्या साधारण साडेचार ते पाच टक्के खर्चाला काढले जातात. वरचे उत्पन्न महागाईशी टक्कर देण्यासाठी मुद्दलात मिळवले जाते. एक कोटी रुपयांच्या कायमनिधीतून असे वर्षाला साडेचार-पाच लाख हाती येतात. एका प्राध्यापकाचा वर्षाचा पगारही त्यातून पुरता भागत नाही. देणगीदाराला ‘तुमच्या नावाचे अध्यासन कायम चालेल’ असे सांगण्याआधी हा हिशेब त्याच्यासमोर मांडणे, ही निधीप्रमुखाची पहिली प्रामाणिकता. त्याने तो मांडला नाही, तर दहा-पंधरा वर्षांनी अध्यासन कागदावर उरते आणि खुर्ची रिकामी.

देणगी एकदा दिली की ती विद्यापीठाची झाली, या समजुतीची किंमत प्रिन्स्टन विद्यापीठाने मोजली आहे. चार्ल्स आणि मेरी रॉबर्टसन या दांपत्याने १९६१ मध्ये साडेतीन कोटी डॉलर मोलाचे शेअर दिले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सरकारी सेवेसाठी, त्यातही आंतरराष्ट्रीय कारभारासाठी तयार करावे हा हेतू होता. पुढे निधी अनेक पटींनी वाढला. पण त्यातून शिकलेले पुरेसे विद्यार्थी सरकारी सेवेत जात नाहीत आणि पैसा दुसरीकडे वळवला जातो, अशी तक्रार करून कुटुंबीयांनी २००२ मध्ये दावा लावला. विद्यापीठाने ती शेवटपर्यंत नाकारली. खटला सहा वर्षे चालला. २००८ च्या डिसेंबरात तडजोड झाली, ती अशी: मूळ निधी विद्यापीठाकडेच राहावा, पण कुटुंबाच्या खटल्याच्या खर्चापोटी चार कोटी डॉलर आणि सरकारी सेवेच्या शिक्षणासाठी काढायच्या नव्या प्रतिष्ठानाला पाच कोटी डॉलर विद्यापीठाने द्यावेत. येल विद्यापीठाला तर १९९५ मध्ये दोन कोटी डॉलरची पूर्ण देणगी परत करावी लागली. पाश्चात्त्य संस्कृतीच्या अभ्यासक्रमासाठी ती १९९१ मध्ये मिळाली होती. अभ्यासक्रम काही सुरू होईना, तेव्हा नेमणुकांत आपलाही शब्द असावा असे देणगीदाराने सुचवले. विद्यापीठाने ते मान्य केले नाही.

ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली की पदाचा खरा भार दिसतो. देणगीपत्र सैल लिहिले तर उद्या हेतूवरून वाद होतो. फार आवळून लिहिले तर पन्नास वर्षांनी, विषयच बदलल्यावर, पैसा वापरता येत नाही. आणि प्राध्यापक कोण असावा, काय शिकवावे, हे देणगीदाराच्या हाती गेले तर विद्यापीठाचे विद्यापीठपण जाते. त्यामुळे चांगल्या देणगीपत्रात हेतू स्पष्ट असतो, तो कालबाह्य ठरला तर पैसा कशाकडे वळवावा याची तरतूद असते आणि शैक्षणिक निर्णयांवर देणगीदाराचा हक्क नाही हे वाक्यही असते. ते वाक्य समोरासमोर वाचून दाखवणे सोपे नसते, पण तिथे गप्प बसणारा निधीप्रमुख आपल्या संस्थेचे नुकसान करतो.

मोबदल्याबाबतचा समज लवकर मिटण्यासारखा आहे. हे लोक आणलेल्या रकमेवर टक्केवारी घेत नाहीत. त्यांना ठरलेला पगार असतो. ‘असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स’ या त्यांच्या संघटनेची आचारसंहिता टक्केवारीवर काम करण्यास मनाई करते. टक्केवारी असती तर आज घाईने मिळणारी छोटी रक्कम आणि पाच वर्षांनी, योग्य कामासाठी मिळणारी मोठी रक्कम यांत अधिकाऱ्याने पहिली निवडली असती.

देणगी म्हणजे मुलांच्या प्रवेशाची मागच्या दाराने दिलेली फी, हा संशय मात्र सरसकट गैरसमज म्हणून झटकून टाकता येत नाही. हार्वर्डच्या प्रवेशधोरणाविरुद्धच्या खटल्यात २०१८ मध्ये पुढे आलेल्या ईमेलमध्ये देणगीदारांच्या नातेवाइकांच्या प्रवेशाचा उल्लेख होता. वस्तुस्थिती अशी की, अनेक खासगी अमेरिकी विद्यापीठांनी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप दिले आहे आणि काहींनी ते जाणूनबुजून थांबवले आहे. जॉन्स हॉपकिन्सने २०१४ मध्ये ही प्रथा बंद केली, आणि ब्लूमबर्ग यांची ती प्रचंड देणगी त्यानंतर चार वर्षांनी आली. झुकते माप काढले की देणग्या आटतात, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विचारात घ्यावे. आयआयटीत हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण पदवीचा प्रवेश प्रवेशपरीक्षेतील क्रमांकावर होतो आणि अधिष्ठात्याचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

मिळेल तो पैसा घ्यायचाच, हेही खरे नाही. निदान खरे असू नये. एमआयटीने जेफ्री एपस्टीनकडून २००२ ते २०१७ या काळात साडेआठ लाख डॉलर घेतले आणि त्यातले बहुतेक त्याला २००८ मध्ये लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झाल्यावर घेतले. संस्थेने नेमलेल्या वकिलांचा अहवाल जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. देणग्यांचा गाजावाजा होऊ न देता त्या स्वीकारण्याची वाट काही उपाध्यक्षांनीच २०१३ मध्ये काढली होती, हे त्यातून उघड झाले. एमआयटीसारख्या संस्थेला ही रक्कम नगण्य होती. गेलेला विश्वास कैक पटींनी मोठा होता. जिथे देणगी स्वीकारण्यापूर्वी तपासणाऱ्या समितीचे लेखी नियम असतात आणि निधीप्रमुखाला ‘नको’ म्हणण्याची मुभा असते, तिथे असे प्रसंग टळण्याची शक्यता अधिक.

आपल्याकडे हा प्रकार अमेरिकेतून नुकताच आला, असे मानणाऱ्यांनी मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याकडे पाहावे. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी पैसे दिले; मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, तेव्हा ते लहानलहान वर्गण्यांवर चालत होते. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लाभले. एवढी देणगी मिळाल्यावरही कर्वे थांबले नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ मध्ये, ते विद्यापीठाचे कार्य सांगत आणि मदत मागत युरोप, अमेरिका आणि जपानपर्यंत गेले, नंतर आफ्रिकेतल्या भारतीयांकडेही गेले. लहान वर्गणी, मोठी देणगी, नामकरण, परदेशस्थ आपल्या माणसांशी संपर्क: आजच्या निधिकार्यालयातले जवळजवळ सगळे विभाग त्या एका माणसात होते. फरक एवढाच की कर्व्यांच्या शब्दामागे कर्वे होते आणि आजच्या कार्यालयाला तो विश्वास कागदपत्रांनी आणि वर्षावर्षाच्या हिशेबांनी कमवावा लागतो.

देणगी जमा झाली की काम संपले, हा उरलेला गैरसमज. खरे तर तिथून मोठा भाग सुरू होतो: दरवर्षी निधीचा अहवाल, शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याचे पत्र, अध्यासनावरच्या प्राध्यापकाची ओळख, देणगीदार गेल्यावर त्याच्या मुलांना तीच माहिती. या भागाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे हार्वर्डच्याच पहिल्या शिष्यवृत्तीने दाखवले आहे. १६४३ मध्ये लंडनच्या लेडी अ‍ॅन मोल्सन यांनी गरीब विद्यार्थ्यासाठी १०० पौंड दिले, त्याचे वार्षिक उत्पन्न त्याच्या शिक्षणाला लावावे म्हणून. पैसा वसाहतीच्या खजिन्यात गेला, इतर पैशांत मिसळला आणि शिष्यवृत्तीचे नाव पुसले गेले. जुनी कागदपत्रे चाळताना तो व्यवहार पुन्हा समोर आला. १८९३ मध्ये हार्वर्डने त्या नावाची शिष्यवृत्ती नव्याने सुरू केली. पुढच्याच वर्षी शेजारच्या महिला महाविद्यालयाला मोल्सनबाईंच्या माहेरच्या आडनावावरून रॅडक्लिफ हे नाव देण्यात आले.