आंबट पाण्याची सोयरीक

संध्याकाळी सातनंतर डोंबिवलीत चायनीजची गाडी शोधावी लागत नाही, ती नाकालाच कळते. मोठ्या आचेवर कढई, तिच्यात उडणाऱ्या नूडल्स आणि वरून बाटलीतल्या व्हिनेगरची एक धार. तो वास माझ्या चांगला ओळखीचा आहे. एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात मी ३१ वर्षं नोकरी केली. तिथे अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड पिंपांतून येई. गाडीवरचा स्वस्त पांढरा व्हिनेगर म्हणजे बहुधा तेच अ‍ॅसिड, पाणी घालून चार टक्क्यांच्या आसपास आणलेलं. बाटलीवर ‘सिंथेटिक’ असं छापलेलंही असतं. खाण्यासाठी बनवलेलं आणि प्रमाणात घातलेलं असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण माझा नातू एकदा हॉट अँड सोअर सूप भुरकता भुरकता म्हणाला, ‘‘आजोबा, चीनमधली माणसं रोज असंच आंबट खातात?’’ तेव्हा मला त्याला लान्झोची गोष्ट सांगावी लागली.

लान्झो हे चीनच्या वायव्येकडच्या गान्सू प्रांतातलं, पीत नदीच्या काठचं शहर. तिथे पेट्रोकेमिकलचे मोठे कारखाने आहेत. २००६ च्या जुलैत कंपनीच्या कामासाठी मी तिथे गेलो होतो. आपल्याकडे तेव्हा पाऊस कोसळत होता आणि तिथे रखरखाट; वर्षाकाठी जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस पडणारा तो मुलूख. दुपारी जेवायला समोर एक मोठा वाडगा आला. गढूळसर पाणी, त्यात गव्हाच्या लांब शेवया, वर कोथिंबीर. मांस नाही, सॉस नाही, तो लालभडक रंगही नाही. पहिला घोट घेतला आणि मी थबकलो. ही तर घरची आंबील!

त्या पदार्थाचं नाव ज्यांगश्वेइ म्येन. म्येन म्हणजे नूडल्स आणि ज्यांगश्वेइ म्हणजे साधारण आपल्या पेजेसारखं पिठाळ पाणी. कोबी, सेलरी किंवा मोहरीचा पाला उकळत्या पाण्यातून काढायचा, मडक्यात घालायचा, त्यावर नूडल्स उकडलेलं पाणी ओतायचं आणि आधीच्या खेपेचं थोडं आंबट पाणी विरजण म्हणून मिसळायचं. दोन-तीन दिवसांत ते आंबतं. मग तेलात लसूण, सुकी मिरची आणि तिथले मिरे तडतडवून त्या पाण्याला फोडणी देतात आणि ते उकडलेल्या शेवयांवर ओततात. हे मिरे म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाचे सख्खे चुलतभाऊ, जीभ तशीच झिणझिणवतात. उन्हाळ्यात तिथे हे पाणी नुसतंही पितात, आपण ताक पितो तसं.

आता थोडं रसायनशास्त्र, सवय जात नाही म्हणून. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड चटकन उडतं, म्हणून गाडीवरचा आंबटपणा आधी नाकात शिरतो. मडक्यातला आंबटपणा लॅक्टिक अ‍ॅसिडचा असतो, म्हणजे दह्यातला. तो उडत नाही, जिभेवर सावकाश पसरतो. चिनी स्वयंपाकात व्हिनेगर नाही असं मुळीच नाही. शान्शी भागातला काळा व्हिनेगर तर चक्क ज्वारी आंबवून करतात आणि वर्ष वर्ष मुरवतात. आपल्या गाडीवरचं चायनीज हे वेगळंच घराणं. त्यातलं मंचुरियन मुंबईतच, १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांच्या हातून जन्मलं. मला ते आवडतं, हेही सांगून टाकतो.

माझ्या पत्नीचं माहेर मुरबाडकडचं. ती रात्री नाचणीचं पीठ पाण्यात कालवून मडक्यात ठेवी. सकाळी तांदळाच्या कण्या शिजत आल्या की ते आंबलेलं पीठ त्यात ओती. मडक्याच्या तळाशी चार चमचे मुद्दाम राखलेले असत. २०१९ मध्ये ती गेली. तेराव्यानंतरच्या आवराआवरीत ते मडकं कुणीतरी स्वच्छ घासून पालथं घातलं. दोष कुणाचाच नाही. बघणाऱ्याला ते खरकटंच वाटणार. पुढे मी तीनदा पीठ आंबवून पाहिलं. आंबायचं, पण चव वेगळी. एकदा तर वर गुलाबी बुरशी धरली. बुरशी किंवा कुजका वास आला की सगळं फेकून द्यावं, तिथे हळहळू नये. मडक्याला तेलाचा हात लागू द्यायचा नाही, ही शिस्त लान्झोतही होती.

शेवटी पावसाळ्यात बाजारात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या एका बाईंना विचारलं. त्या मुरबाडच्याच, पत्नीच्या ओळखीच्या. पुढच्या खेपेला त्यांनी पाण्याच्या बाटलीत भरून आंबवण आणलं. मी पैसे पुढे केले तर म्हणाल्या, ‘‘विरजणाचं कुणी पैसे घेतं व्हय, बाबा?’’ त्यांच्याकडून घेतलेली कर्टुली मात्र त्यांनी रोजच्याच भावाने, चोख पैसे मोजून दिली.

आता मडकं पुन्हा लागलं आहे. मागच्या रविवारी आंबिलीचं वरचं निवळ पाणी घेतलं, लसूण-मिरची-तिरफळाची फोडणी दिली आणि नातवासाठी उकडलेल्या नूडल्सवर ओतलं. ज्यांगश्वेइ म्येन ते नव्हेच, भाजीच्या जागी नाचणी. पण जवळपास पोचलं. नातवाने दोन घास खाल्ले आणि विचारलं, ‘‘सॉस आहे?’’

मी दिला. वाडग्यातलं पाणी मात्र त्याने संपवलं.