घाण्याचा बैल आणि शुब्निकोव्हचा स्फटिक



आपल्या वयात एमआरआय ही काही नवलाई राहिलेली नाही. कुपात होलीमची चिठ्ठी येते, घड्याळ-दागिने काढून आपण त्या बोगद्यात निजतो. तिथले चुंबक अतिवाहक तारेचे असते. अतिशय थंड केले की या तारेतून वीज जराही अडथळा न होता वाहते. अशा काही मिश्रधातूंची अतिवाहकता जोरदार चुंबकीय क्षेत्रातही टिकते, हे लेव्ह शुब्निकोव्ह यांनी खारकोव्हमध्ये 1936-37च्या सुमारास प्रयोगांनी दाखवले. त्यांचा आणखी एक शोध आज सांगायचा आहे.

1930 साली हॉलंडमधील लायडन येथे शुब्निकोव्ह आणि प्राध्यापक डी हास यांनी बिस्मथ धातूचा अत्यंत शुद्ध स्फटिक उणे 250 अंशांच्याही खाली थंड केला आणि चुंबकीय क्षेत्र वाढवत नेले. स्फटिकाचा विद्युतरोध सरळ वाढला नाही. वाढता वाढता हेलकावे घेऊ लागला. यालाच क्वांटम आंदोलने म्हणतात.

असे का होते? आपल्या शनवार तेली पूर्वजांचा घाणा आठवा. बैल गोल फिरतो, तसेच चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन फिरतात. बैलाला हवे त्या लहानमोठ्या वर्तुळात फिरवता येईल; इलेक्ट्रॉनला मात्र ठरावीकच वर्तुळे चालतात, मधली नाहीत. क्षेत्र वाढवले की या वर्तुळांच्या ऊर्जेच्या पायऱ्या एकामागून एक वर सरकतात आणि रिकाम्या होतात. दर पायरीमागे एक हेलकावा. ते मोजले की स्फटिकातील इलेक्ट्रॉनांचा नकाशा हाती येतो.

हीच पद्धत आज बिस्मथ सेलेनाइडसाठी वापरतात. शुद्ध स्वरूपात त्याच्या पोटातून वीज जाऊ नये, पृष्ठभागावरून मात्र जावी, असा हा ‘टोपोलॉजिकल’ पदार्थ. त्यात तांबे मिसळले की तो उणे 269 अंशांच्या आसपास अतिवाहक होतो, असे 2010 साली प्रसिद्ध झाले. त्याची अतिवाहकताही तशीच आगळी आहे का, यावर शास्त्रज्ञ वाद घालतात. जोरदार क्षेत्राने अतिवाहकता मोडली की हेलकावे दिसू लागतात. मग स्फटिक तिरका करतात. पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांना क्षेत्राचा फक्त उभा भाग जाणवतो. त्यामुळे त्यांचे हेलकावे पोटातल्यांपेक्षा वेगळे ओळखू येतात.

शुब्निकोव्ह 1930 मध्ये मायदेशी परतले. 1937 साली खोट्या आरोपांवरून त्यांना पकडून गोळी घातली. वय अवघे 36. त्यांचे मित्र, ज्यू शास्त्रज्ञ लान्डाउ, यांनाही पुढच्या वर्षी अटक झाली. ते वर्षभराने सुटले. शुब्निकोव्ह 1945 साली वारले, असेच पुष्कळ काळ सांगितले जात होते. 1957 मध्ये ते निर्दोष ठरले.

आज कोणत्याही देशातील प्रयोगशाळेत स्फटिकाचा विद्युतरोध असा हेलकावू लागला, की त्याला ‘शुब्निकोव्ह–डी हास परिणाम’ म्हणतात. नाव पुसता आले नाही.