गुराख्यांची कढई, गुंडेलचं टेबल

बुडापेस्टच्या वारोशलिगेत बागेत, प्राणिसंग्रहालयाला खेटून गुंडेल हे रेस्टॉरंट उभं आहे. ते १८९४ पासूनचं. तेव्हा ते वाम्पेटिच यांच्या नावाने ओळखलं जायचं. १९१० मध्ये कारोय गुंडेल यांनी ते चालवायला घेतलं. वडील यानोशही नावाजलेले हॉटेलवाले, शिवाय कारोय यांनी युरोपातल्या बड्या हॉटेलांत उमेदवारी केलेली. त्यामुळे चांदीचे काटे-चमचे कसे मांडायचे हे त्यांना शिकवावं लागलं नाही. त्यांची खरी हुशारी दुसरीकडे दिसते. गुराख्यांचं जेवण त्यांनी त्या टेबलावर आणलं आणि तरी ते ओळखू येईल असं ठेवलं.

हंगेरीतला गुयाश म्हणजे दाट रस्सा नव्हे, ते सूप आहे. माळावर गुरं राखणाऱ्यांनी विस्तवावर टांगलेल्या कढईत शिजवलेलं. आपण ज्याला रस्सा म्हणू त्याला तिथे पॉर्कल्ट म्हणतात. दोन्हींचा पाया एकच: डुकराच्या चरबीत बारीक चिरलेला कांदा मऊ होईपर्यंत परतायचा, मग भांडं विस्तवावरून खाली घ्यायचं आणि तेव्हाच लालभडक पाप्रिका घालायची. चरबी जास्त तापलेली असेल तर पाप्रिकातली साखर करपते आणि सगळं भांडं कडवट होतं. फोडणीत तिखट जाळलेल्या कुणालाही हे पटकन कळेल. त्यानंतर मांस आणि भरपूर वेळ, एवढंच लागतं.

मोठ्या पंगतीला हे जेवण सोयीचं पडतं ते यामुळेच. वीस जणांपैकी पाच जण अर्धा तास उशिरा आले तरी पॉर्कल्ट बिघडत नाही. बालातोन सरोवरातला फोगाश मासा मात्र इतकी वाट पाहत नाही. तो ताजा तळावा आणि लगेच वाढावा. मोठ्या ग्रुपने त्याचा हट्ट धरू नये, असं माझं मत.

१९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात हंगेरीच्या दालनातलं रेस्टॉरंट गुंडेल यांनीच चालवलं. युद्धानंतर, १९४९ मध्ये, बुडापेस्टचं रेस्टॉरंट सरकारजमा झालं. १९९२ मध्ये अमेरिकन उद्योजक रोनाल्ड लॉडर आणि जॉर्ज लँग यांनी ते नव्याने सुरू केलं. लँग मूळचे हंगेरीचेच, १९७१ मध्ये हंगेरियन पाककलेवर जाडजूड पुस्तक लिहिलेले.

जेवणाच्या शेवटी गुंडेल पालाचिंता. पातळ धिरड्यात अक्रोड, बेदाणे आणि रम यांचं सारण, वर चॉकलेट सॉस. रमचं नाव ऐकून बिचकणाऱ्यांनी आधीच सांगावं.

शाकाहारी मंडळींनीही आधी चौकशी करावी. मिरची-टोमॅटोचा लेचो दिसायला निरुपद्रवी, पण त्याचा कांदा बहुतेकदा डुकराच्या चरबीतच परतलेला असतो आणि वर सॉसेजचे तुकडेही सापडतात. आंबट चेरींचं थंडगार सूप मात्र सहसा निर्धास्त मागवता येतं.