उंबरठ्यावरचा दुभाष्या

पूर्वी गावाहून शहरात शिकायला आलेल्या मुलाला स्वतःचा पत्ता नसे. त्याची पत्रे 'अमुक अमुक यांजकडे' अशी येत. पोस्टमन पत्र वाड्याच्या दारात टाकी आणि तेथून ते माडीवरच्या खोलीत पोहोचविण्याचे काम घरमालकांकडची मंडळी करीत. पत्त्यात वाडा एकच. आत मात्र वीस बिऱ्हाडे! आज आपल्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात हिरवे दिवे लुकलुकवीत बसलेली राउटर नावाची पेटी नेमके हे 'यांजकडे'चेच काम करते. या कामाला 'नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्स्लेशन' किंवा थोडक्यात 'नॅट' म्हणतात. शब्दशः सांगायचे तर, पत्त्याचे भाषांतर! भाषांतर हा शब्द दिसल्यावर एखाद्या मराठीच्या अध्यापकाने त्यात डोके घातले, तर वाचकांनी ते फारसे मनावर घेऊ नये.

या भाषांतराची गरज का पडली, ती हकीकत मोठी मजेची आहे. इंटरनेटवर बोलणाऱ्या यंत्राला एक अंकी पत्ता लागतो. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमात हा पत्ता ३२ बिटांचा ठरला. त्यातून ४२९ कोटींहून थोडे अधिक पत्ते तयार होतात. त्या काळी संगणक ही विद्यापीठांची आणि प्रयोगशाळांची मिरास. त्यांना हा साठा म्हणजे दोन माणसांच्या संसाराला गावची विहीर! पण पुढे संगणक घरात आला, मग खिशात आला, आणि आता तर तो दूरदर्शन संचात व दारावरच्या घंटेतही शिरला आहे. विहिरीचा तळ दिसू लागणार, हे जाणत्यांना वेळीच कळले होते. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस या दोघांनी एक टिपण प्रसिद्ध केले. त्याचा आशय असा, की कायमचा इलाज सापडेपर्यंत तेच ते पत्ते अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा वापरावेत आणि दारात एक भाषांतरकार बसवावा. इलाज तात्पुरता होता. आपल्याकडे तात्पुरती म्हणून घातलेली पत्र्याची शेड दोन पिढ्या उभी राहते, तसेच याचेही झाले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती कोठीतले पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटून संपले. तरी जग चालू राहिले, त्याचे बरेचसे श्रेय या शेडीला आहे.

फेब्रुवारी १९९६ च्या नियमाने काही पत्ते केवळ घरगुती वापरासाठी राखून ठेवले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. घरोघरी एखादी 'ताई' आणि एखादे 'अण्णा' असतात, तसे हे पत्ते. घरात 'अण्णा' म्हणून हाक मारली की नेमके माणूस ओ देते. पण पाकिटावर नुसते 'अण्णा' लिहून ते पेटीत टाकले, तर पोस्टमनने काय करावे?

समजा, तुमच्या फोनचा घरगुती पत्ता १९२.१६८.१.५ आहे आणि तुम्ही त्यावर वर्तमानपत्र उघडलेत. फोनची चिठ्ठी राउटरकडे येते. राउटर तिच्यावरचा पाठविणाराचा पत्ता खोडतो, तेथे स्वतःचा सार्वजनिक पत्ता घालतो आणि पुढे 'पोर्ट' नावाचा एक क्रमांक टाकतो; उदाहरणार्थ, ४०००१. मग आपल्या वहीत नोंद करतो : '४०००१ चे उत्तर आले, तर ते पाच क्रमांकाच्या फोनचे.' उत्तर आले की वही पाहून उलट भाषांतर होते. असे पोर्ट ० पासून ६५,५३५ पर्यंत असतात. म्हणून एका पत्त्यावर अख्खे घर सुखाने बोलू शकते. काही काळ बोलणे झाले नाही, की वहीतली ती ओळ पुसली जाते.

या वहीमुळे एक लाभ अनायासे पदरात पडतो. बाहेरून कोणी आपण होऊन आला आणि वहीत त्याची नोंद नसली, तर त्याला आत नेमके कोणाकडे न्यायचे हेच राउटरला कळत नाही. तो चिठ्ठी टाकून देतो. पण याला रखवालदार समजू नये. हा दुभाष्या आहे. आतल्याने एखाद्या लबाडाला आपणहून बोलाविले, तर त्याचेही बोलणे तो इमानाने पोहोचवील.

आता खरा प्रश्न. बाहेरच्याला मुद्दाम आत घ्यायचे असेल, तर काय करावे? आमच्या इमारतीत ऐंशी उलटलेल्या एक आजी एकट्या राहतात. मुलगा परदेशी. आजी मध्यंतरी न्हाणीघरात पडल्या, तेव्हा मुलाने धास्तीने खोलीत कॅमेरा बसवून घेतला. बसविणारा गडी दहा मिनिटांत 'पोर्ट ओपन' करून, पैसे घेऊन गेला. म्हणजे काय केले, तर राउटरच्या वहीत एक कायमची ओळ लिहिली : 'या क्रमांकावर जो कोणी येईल, त्याला थेट कॅमेऱ्याकडे न्यावे.' आणि कॅमेऱ्याचा परवलीचा शब्द कारखान्यातून आला तोच ठेवला! हे समजावून सांगितले, तेव्हा आजी क्षणभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मुलानं बघावं म्हणून लावलाय हो तो, गावानं बघावं म्हणून नाही."

आजींची भीती अनाठायी नव्हती. उघड्या पोर्टांचा माग काढीत फिरणारे कार्यक्रम इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या उपद्रवी कार्यक्रमाने कारखानी परवलीचे शब्द वापरूनच हजारो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्या फौजेने 'डिन' या कंपनीवर हल्ला चढविला आणि अमेरिकेतल्या कित्येक प्रसिद्ध संकेतस्थळांची दारे काही तास बंद पडली.

आजींकडे जे केले, ते कोणत्याही घरी करता येण्याजोगे आहे. राउटरच्या पोटाखालच्या चिठ्ठीवर त्याचा घरगुती पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये घातला की राउटरचे दप्तर उघडते. प्रथम राउटरचा आणि कॅमेऱ्याचा, दोघांचेही परवलीचे शब्द बदलले. मग 'पोर्ट फॉरवर्डिंग' या पानावरची ती ओळ पुसली. 'यूपीएनपी' नावाची एक सोय असते. तिच्यामुळे घरातली यंत्रे मालकाला न विचारता स्वतःच वहीत ओळी लिहू शकतात. तीही बंद केली. मुलासाठी राउटरवरच 'वायरगार्ड' या व्हीपीएनची सोय होती, ती चालू केली. ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही, त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. दार ठोठावणाऱ्याला आत कोणी राहते याचाही पत्ता लागत नाही. किल्ली मुलाच्या फोनवर गेली. आता आईकडे पाहायचे, तर तो आधी किल्लीने घरात येतो आणि मग घरातल्यासारखा पाहतो.

काही घरांत ओळ बिनचूक लिहूनही बाहेरचा माणूस आत पोहोचत नाही. त्याचे कारण बहुधा वेगळे असते. पत्त्यांच्या टंचाईमुळे अनेक कंपन्या स्वतःच्या दारातही एक दुभाष्या बसवितात. शेकडो घरे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे जातात. राउटरच्या दप्तरात 'वॅन' पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर हाच प्रकार समजावा. अशा वेळी कंपनीकडून जादा आकार भरून स्वतंत्र पत्ता घ्यावा लागतो. कंपनीच्या पेटीपुढे आपला दुसरा राउटर जोडला असेल, तर एकाच घरात दोन दुभाषी होतात. तेथे कंपनीच्या पेटीला 'ब्रिज'च्या कामावर ठेवून भाषांतर एकाकडेच द्यावे.

कायमचा इलाज म्हणून डिसेंबर १९९८ मध्ये आयपीव्ही-६ चा नियम प्रसिद्ध झाला. त्यातला पत्ता १२८ बिटांचा. भारतात त्याचा प्रसार चांगलाच झाला असून अनेक घरांत जुने व नवे पत्ते शेजारी शेजारी नांदतात. नव्या पद्धतीत प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि दुभाष्याची गरज उरत नाही. मात्र त्याच्या वहीचा आयता आडोसाही जातो. म्हणून राउटरची 'फायरवॉल' चालू आहे ना, हे पाहणे अधिकच अगत्याचे होते.

दिवाळीच्या साफसफाईत आपण माळ्यावरचे डबे काढतो, पडदे धुतो. त्यातलीच पंधरा मिनिटे यंदा राउटरच्या दप्तराला द्यावीत. वहीतली कोणती ओळ कोणी, कोणासाठी लिहिली, ते घरातल्या कोणाला तरी सांगता आले पाहिजे. जिचा खुलासा होत नाही, ती ओळ पुसून टाकावी. एखादे यंत्र अडलेच, तर ते लगेच तक्रार करील. चोरवाट मात्र कधी तक्रार करीत नाही.